एक चप्पल ढोलाला, एक नदीला

फार फार वर्षांमागे घडलेलं सांगते. लहानांनी ऐकावं, आणि त्यांच्या आईबापांनी तर चुळबूळ न करता ऐकावं, कारण यात निम्मी चूक त्यांचीच आहे.

एका नदीकाठी मोठी शाळा होती. गावोगावची मुलं धाकटी शाळा संपवून तिथे यायची. सकाळी सगळ्यांना एकच अभ्यास. दुपारी मात्र चार दारं उघडायची. एकात ढोल, एकात माग, एकात कुस्ती, आणि नदीकडच्या दारात नाव चालवायला शिकवत. रीत अशी की जे शिकायचं त्या दाराशी चपला काढायच्या. पहिल्या पौर्णिमेला जिथे तुमची जोडी, तिथे तुमचं वर्ष.

एका मुलीला नदीचं वेड. पहिल्याच दिवशी तिनं नदीच्या दाराशी चपला काढल्या.

मैत्रीण म्हणाली, "त्या चिखलात काय करणार गं? आम्ही सगळ्या ढोलाला चाललोय. बस एकटी मासे मोजत."

घरी आई म्हणाली, "शेजारणीची पोर दोन-दोन शिकते. तुलाच काय जड जातं?"

झालं. मुलगी नदीवर असली की कान ढोलाकडे, ढोलापाशी असली की डोळे नदीकडे. शेवटी तिनं डावी चप्पल ढोलाच्या दाराशी ठेवली, उजवी नदीच्या. निम्मी दुपार इथे, निम्मी तिथे. मधल्या वाटेनं अनवाणी पळायची. तळवे पोळून निघाले, पण पळणं थांबेना.

नाव शिकवणारी म्हातारी विचारायची, "अगं, उन्हाची पळतेस कुठं?"

"ढोल चुकेल, आजी."

"आणि इथलं चुकतंय ते?"

ऐकायला मुलगी जागेवर असेल तर ना.

आता नीट लक्ष द्या. नाव काठावरून सोडायला आधी शिकवत, आणि काठाला लावायला शेवटी. मुलगी रोज सोडायला शिकली. लावायच्या वेळी ती ढोलाच्या वाटेवर असायची. तिथे पोचेपर्यंत ढोलाची सुरुवात होऊन गेलेली, म्हणून तिला ढोल थांबवता यायचा, सुरू करता यायचा नाही. घरी मात्र सांगायची, "दोन्ही येतं." आई ते गावभर मिरवायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पैलतीरी जत्रा होती. धाकटी बहीण मागे लागली, "ताई, तूच ने मला. तुला येतं ना?"

आई म्हणाली, "ने की. मग शिकतेस कशाला?"

येत नाही म्हणायची तिला लाज वाटली. नाव सुटली ती अगदी झोकात. बहीण टाळ्या पिटत होती. पैलतीर जवळ आला, आणि बाजूनं निघून गेला. वल्हं कुठे दाबायचं ते मुलीला ठाऊकच नव्हतं. धार नावेला परत शाळेच्या काठाकडे ओढत होती. खाली खडक होते.

"ताई, उतरायचं कसं?" बहिणीनं विचारलं.

ताई नुसतीच पाण्यात वल्हं मारत राहिली.

काठाकाठानं धावत आलेल्या म्हातारीनं दोर फेकला म्हणून दोघी वाचल्या. नाव खडकावर आपटून फळी फुटली, बहिणीचा गुडघा फुटला. आईनं काठावर येऊन मुलीवर हात उगारला, तसा म्हातारीनं तो धरला. "बाई, हिला दोन दारांमध्ये पळायला लावलं कुणी, ते आधी आठव."

दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, मुलीनं ढोलाच्या दाराशी पडलेली डावी चप्पल उचलली. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. तिनं नदीच्या दाराशी जोडी लावली. आधी फुटलेली फळी बदलली. मग रोज, दिवस मावळेपर्यंत, नाव काठाला लावत राहिली. कधी चिखलात रुतली, कधी झुडपात घुसली.

बहीण काठावर बसून बघायची. नावेत मात्र पाय ठेवायची नाही. "आज लागली?" एवढंच विचारायची.

सहा महिन्यांनी एका दुपारी नाव काठाला अशी टेकली की आवाजसुद्धा झाला नाही. बहीण उठली. तिनं आपल्या दोन्ही चपला शेजारी शेजारी काढल्या आणि नावेत जाऊन बसली.

बोध एवढाच: सगळीकडे अर्धं अर्धं शिकत पळाल, तर तुमच्या भरवशावर बसलेलं माणूस मधल्या धारेत अडकतं.