खाजणातला करंट

खाडीकाठच्या खाजणात वीज कंपनीने मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला होता. खाऱ्या चिखलाने त्याची अर्थिंगची पट्टी गंजून तुटली. गावाने तक्रारींवर तक्रारी केल्या, पण कोणी फिरकलं नाही. मग एका सकाळी द्वारकाबाई म्हात्र्यांची गाभण म्हैस ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाजवळ जागच्या जागी मेली, तेव्हा कुठे कंपनीचे सबनीस साहेब गमबूट चढवून आले.

बांधावरूनच ते म्हणाले, "साप चावला असेल. इथली जमीन ओली, त्यात मीठ. करंट सरळ जमिनीत जातो. अर्थिंगला याहून चांगली जागा नाही."

"कुठल्या जमिनीत जातो, साहेब?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ह्याच की, समोरच्या."

"माझी म्हैस त्याच जमिनीवर उभी होती." द्वारकाबाईंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. "आमच्या सुना चिंबोऱ्या धरायला ह्याच चिखलातून अनवाणी जातात. धोका नाही म्हणता ना? मग ते गमबूट काढा आणि कुंपणाला हात लावून या. तुम्ही धड परत आलात, की सापच होता असं मी गावासमोर कबूल करते."

साहेबांनी चिखलाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. बांधावर जमलेलं गाव त्यांच्याकडे बघत होतं. अखेर त्यांनी फोन काढला आणि लाइन ताबडतोब बंद करायला सांगितली.

द्वारकाबाई म्हणाल्या, "हा फोन आमच्या पहिल्या तक्रारीलाच करायचा होता."