कात्री न लागलेली कुंची

एका राज्यात एक राणी होती आणि तिला झोप येत नसे. कारण तिची लेक कधी रडत नसे.

दाई म्हणे, "गुणाची आहे हो पोर." प्रधानाची बायको म्हणे, "नशीब काढलंत, राणीसाहेब." राणी वेणावती मान डोलवे, आणि दिवा मालवला की छताकडे बघत पडून राही. दुसऱ्या आया लेकरं रडतात म्हणून जागतात. ही रडत नाही म्हणून जागी.

आजचंच घ्या. राजकन्या मेखला, वय चार वर्षं आठ महिने, बागेतल्या बोरीत हात घालून बोरं काढत होती. कोपरापर्यंत ओरखडे, बोटांवरून रक्ताचा ओघळ. आणि ती हसत हसत विचारते, "आई, हे लाल काय गं?"

राणीने हात धुतला, हळद लावली. हात नदीतल्या गोट्यासारखा गार होता.

हे हीव मेखलाच्या जन्माबरोबर आलं होतं. आधी नखांत होतं, मग तळव्यांत आलं, आता कोपर-गुडघे ओलांडून वर निघालं होतं. जिथवर हीव पोचे तिथवर टोचणं नाही, भाजणं नाही, गुदगुली नाही. राजज्योतिषाने पोथी मिटून सांगितलं होतं, "पाचवं वरीस सरेल त्या दिवशी हीव टाळूला भिडेल. मग राजकन्येच्या जागी बर्फाची बाहुली उरेल."

पांघरूण घालावं, तर ते अंगावर टिकत नव्हतं. मेखलाच्या पणजोबांना एका चेटकिणीने एक घोंगडी भेट दिली होती. सबंध घोंगडी एका धाग्याची, कुठे जोड नाही, कुठे काप नाही. पणजोबांनी कात्री मागवली आणि तिचे चार तुकडे करून चार घोड्यांच्या पाठीवर टाकले. चेटकीण म्हणाली, "राजा, मी अखंड दिलं, ते तू खंडलंस. तुझ्या तिसऱ्या पिढीच्या अंगावर कात्री लागलेलं काही टिकायचं नाही, आणि त्या अंगात हीव भरेल." आणि ती निघून गेली.

म्हणून मेखलाला झबलं घातलं की शिवण उसवे. शाल पांघरली की तिचे धागे मोकळे होऊन जमिनीवर पडत. कारण शाल झाली तरी मागावरून उतरवताना तिला कात्री लागतेच. शेवटी तिला मोरपिसांत गुंडाळून वेलीने बांधत. दिसायला फार सुरेख. ऊब मात्र औषधालाही नाही.

सकाळी राणी राजाकडे गेली. "महाराज, मी त्या चेटकिणीकडे जाते."

राजा धवलसेन म्हणाला, "आम्ही सेनापतींना धाडू."

"सेनापतींना लेकराचं अंगडं करता येतं?"

"तुम्हाला येतं?"

"नाही," राणी म्हणाली. "पण मला न येण्याची सवय आहे."

ते खरंच होतं. राणी शिकलेली होती. चौदा विद्यांपैकी नऊ-दहा तिला येत. पण हातांची एकही येत नसे. माहेरी एकदा तिने रुमालावर फूल भरायला घेतलं होतं. ते भरून झालं तेव्हा रुमाल परकराला शिवला गेला होता.

तीन डोंगर चढून राणी चेटकिणीच्या झोपडीपाशी आली. लोक त्या चेटकिणीला लोकरम्हातारी म्हणत. तिचं वय तिच्या मेंढ्यांनाही ठाऊक नव्हतं. ती दारात बसून डोंगरासाठी धुक्याची शाल विणत होती. हातांत बांबूच्या दोन सुया. एका सुईवर टाक्यांची रांग. दुसरी सुई एकेका टाक्यात शिरे, धागा घेई, बाहेर येई, आणि टाका या सुईवरून त्या सुईवर जाऊन बसे. म्हातारी हाताकडे बघतसुद्धा नव्हती. राणी आली कशासाठी हे विसरून बघत राहिली. माग नाही, धोटा नाही, गाठ नाही. दोन काड्या आणि एक धागा, आणि खाली कापड उतरत होतं!

म्हातारीच्या खांद्यावर एक साळुंकी होती. ती म्हणाली, "कात्रीवाल्याच्या घरची आली."

"बस, पोरी," म्हातारी म्हणाली. "शाप मी रागात दिला. दिलेला शाप परत घेता येत नाही, पण वाट सांगता येते. लेकीच्या टाळूवर कुंची घाल. एका धाग्याची, आईच्या हातची, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत कात्री न लागलेली. कामं तीन. धागा, वीण आणि शेवट."

"धागा कुठे मिळेल?"

"मेंढीच्या अंगावर."

"पण लोकर तर कात्रीनेच उतरवतात."

म्हातारी पहिल्यांदाच हसली. "डोकं आहे तुला. मेंढ्या जातात त्या वाटेवर काटेरी झुडपं आहेत. त्यांना जी अडकते ती लोकर घे."

एक महिना राणी काट्यांतून लोकर वेचत फिरली. तिचे हात मेखलाच्या हातांसारखे ओरबाडले. फरक इतकाच की तिला दुखत होतं. म्हातारीने तिला चाती फिरवून सूत काढायला शिकवलं. राणीचं सूत कुठे सुतळीएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक; पण आरंभापासून अंतापर्यंत एक होतं. त्याचा नारळाएवढा गुंडा झाला.

म्हातारीने मग दोन सुया दिल्या, मेंढ्याच्या शिंगाची एक आकडी दिली (आपण तिला क्रोशाची सुई म्हणतो), आणि साळुंकीला सोबत धाडलं. "वीण ही शिकवेल. आकडी शेवटी लागेल. आणि एक ध्यानात धर. कुंची घातल्यावर शाप सुटला की नाही, ते लेकीच्या तोंडूनच कळेल."

राजवाड्याच्या खिडकीत बसून साळुंकी शिकवू लागली. आधी अंगठ्यावर धाग्याचा फास करून तो सुईवर चढवायचा. याला टाके घालणं म्हणतात. असे साठ टाके. मग विणायचं. सुलट टाक्याला धागा मागे आणि सुई पुढून आत. उलट टाक्याला धागा पुढे आणि सुई पलीकडून अलीकडे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, की वरची बाजू मोराच्या मानेसारखी गुळगुळीत. दोन सुलट, दोन उलट असं घातलं की काठ ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो.

"दोनच टाके?" राणीने विचारलं.

"दोनच," साळुंकी म्हणाली. "जगात जेवढं विणकाम आहे ते या दोहोंतच आहे. बाकी सगळी अदलाबदल."

राणीला हे इतकं आवडलं की तिने ते राजाला सांगितलं, प्रधानाला सांगितलं आणि कुंकू द्यायला आलेल्या बायकांनाही सांगितलं. मग विणायला बसली.

पहिल्या खेपेला वीतभर झाल्यावर साळुंकी टुणकन सुईवर येऊन बसली आणि मोजू लागली.

"सदुसष्ट!"

"साठच घातले होते मी."

"सुलट विणताना धागा पुढेच विसरलात, राणीबाई. सात वेळा. दर वेळी एक टाका फुकट जन्माला आला. उसवा."

राणीने उसवलं. धाग्याला नागमोडी वळणं पडली होती. तो धुऊन, खाली दगड बांधून वाळवला तेव्हा सरळ झाला. महिना गेला. हीव मेखलाच्या खांद्याला लागलं.

दुसऱ्या खेपेला राणी फार जपून विणू लागली. मेखला गुंड्याकडे धावली की ती ओरडे, "हात लावू नकोस! तुटेल!" दाई पोरीला उचलून दुसऱ्या दालनात नेई. टाका सुटेल या धास्तीने राणी प्रत्येक टाक्यानंतर धागा खेचून घेई. टाके साठच्या साठ राहिले. पण इतके आवळलेले, की सुई आत शिरेना. शिरली तर चिरकू लागे. तरीही तिने नेटाने पुरं केलं आणि कुंची लेकीच्या डोक्याशी नेली. कुंची फळीसारखी ताठ होती. कानांच्या वर येऊन ती अडली ती अडलीच.

राजा म्हणाला, "नारळाला बसेल."

साळुंकी म्हणाली, "नारळाला श्वास घ्यावा लागत नाही म्हणून." मग मान तिरकी करून राणीकडे पाहिलं. "टाक्याला का गळा दाबून मारता? त्याने काय केलंय तुमचं?"

राणीने कुंची लेकीच्या डोक्यावरून काढली. तिने उसवलं. उसवताना डोळ्यांतलं पाणी धाग्यावर पडलं. आपल्या हातून हे होणार नाही याची तिला खात्रीच पटली होती. इतक्या दिवसांत पक्की म्हणावी अशी ती एकच गोष्ट. पंधरा दिवस उरले. हीव मेखलाच्या हनुवटीपर्यंत आलं.

तिसऱ्या खेपेला टाके घातले आणि राणीच्या मनात आलं, पंधराच दिवस आहेत आणि मी पोरीला दुसऱ्या दालनात ठेवते आहे. ती उठली, मेखलाला घेऊन आली, शेजारी बसवलं आणि गुंडा तिच्या मांडीत दिला.

"मी धरू?" मेखला म्हणाली. "खराच धरू?"

"धर. मी मागेन तसा सोड."

मेखला गुंडा सोडू लागली आणि बोलू लागली. साळुंकीला दात का नाहीत. राजा झोपेत घोरतो ते प्रजेला ऐकू जातं का. लोकरीला मेंढीची आठवण येते का. राणी उत्तरं देत गेली, हसत गेली, आणि केव्हातरी धागा खेचायची विसरली. धागा बोटावरून आपल्या चालीने चालू लागला. संध्याकाळी साळुंकीने वीण चोचीने ताणून पाहिली. वीण ताणली गेली आणि परत आली. साळुंकी काहीच बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांना ही केवढी शाबासकी ते कळेल.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी मेखला गप्प झाली. हीव ओठांवरून कपाळाकडे निघालं होतं. राणीने कापड उजेडात धरून पाहिलं. मधोमध शिडी पडली होती. वीस ओळी खाली एक टाका निसटला होता आणि त्याच्या वरच्या सगळ्या ओळी सुटून आडव्या पायऱ्यांसारख्या लोंबत होत्या.

"उसवू?" तिने विचारलं. "दोनच दिवस आहेत."

"शिडी पडली तर घर कुणी पाडतं का?" साळुंकी म्हणाली. "शिडी चढतात. आकडी घ्या."

राणीने शिंगाची आकडी घेतली. तळाच्या निसटलेल्या टाक्यात ती घातली, वरची पायरी पकडून त्यातून ओढली, टाका झाला. त्यात आकडी, वरची पायरी, पुन्हा टाका. वीस पायऱ्या चढून तो एकटा टाका आपल्या साठांत परत जाऊन बसला. कुठे निसटला होता ते शोधून सापडेना. राणीने त्या जागेवरून बोट फिरवलं. काय माणसं असतील ती, ज्यांना पहिल्यांदा हे सुचलं, तिच्या मनात आलं. चुका होणारच हे धरून त्यांनी सुई घडवली!

पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दुपारी दरबार भरला. मेखला पिसांत निजली होती, डोळे उघडे, कपाळ निळं. लोकरम्हातारी स्वतः डोंगर उतरून आली होती. राणीने शेवटच्या ओळीचे टाके बंद केले; दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उडी मारून खाली जातो, मग तिसरा, मग चौथा. एकच टाका उरला. तो आकडीवर घेऊन, कापड दुमडून, तिने मागची बाजू त्याच धाग्याने सांधली. कुंची झाली. आणि चार हात धागा उरला.

राजशिंपी बिचारा पुढे आला आणि जन्माच्या सवयीने त्याने कात्री उचलली.

"थांबा!" राणी ओरडली.

कात्रीची पाती धाग्यापासून केसभर अंतरावर थांबली.  आकडीवर अजून एक टाका होताच. राणीने त्यातून धागा ओढला. साखळीची एक कडी झाली. तिच्यातून पुन्हा ओढला; दुसरी कडी. एकेक कडी करत धागा संपत गेला, कुंची बांधायचा बंद लांबत गेला, आणि शेवटी धाग्याचं टोक शेवटच्या कडीतून आपणहून पार झालं. ओढलं, घट्ट बसलं. कापायला काही उरलंच नाही.

म्हातारीने हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

राणीने कुंची लेकीच्या डोक्यावर घातली. ती कानांवरून उतरली, मानेवर बसली. तो एकच लांब बंद मानेभोवती फिरवून तिने हनुवटीखाली बांधला. टाका उसवला नाही. धागा सुटला नाही. कुंची राहिली.

भाटाने या वेळेसाठी राजकन्येच्या तोंडी घालायला चार ओळींचं कवन रचून आणलं होतं, "धन्य माता, धन्य धागा" असं काहीसं. तो पुढे वाकला. राजा वाकला. साळुंकी वाकली.

मेखलाने नाक मुरडलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. निळं कपाळ आधी पांढरं झालं, मग गुलाबी. गालांवर रंग उतरला. हात पिसांतून बाहेर आला आणि कानामागे खाजवू लागला. चार वर्षं आठ महिने आणि वर चार महिने जे तोंड एकदाही वाकडं झालं नव्हतं, ते वाकडं झालं आणि त्यातून भोकाड निघालं.

"आई, टोचतंऽऽय!"

त्या आवाजासरशी राजवाड्याच्या गवाक्षांवरचं गोठलेलं दव वितळलं. पणजोबांच्या तबेल्यात धूळ खात पडलेले घोंगडीचे चार तुकडे एकमेकांकडे सरकले आणि पुन्हा एक झाले. राजशिंप्याच्या हातातली कात्री गपकन मिटली, आणि पुढे ती पाडव्याच्या नव्या कपड्यांखेरीज कधी उघडली नाही. म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "सुटला."

राणी मात्र आईच ती. लेकीला टोचतंय एवढंच तिला ऐकू आलं. बंद सोडायला तिचे हात धावले.

मेखलाने दोन्ही हातांनी कुंची धरून ठेवली, हुंदका गिळला आणि म्हणाली, "काढू नको ना! मला अजून टोचून घ्यायचंय."