दगड खाणारा मासा

"दगड खाणारा मासा? आठ दिवसांत सदरेवर सिद्ध कर, नाहीतर होडी जप्त!"

गोवळगडच्या महाराजांनी हुकूम लिहिला, ओली शाई वाळावी म्हणून तिच्यावर चिमूटभर पांढरी वाळू टाकली, फुंकली आणि कागद बुधाजी पाणबुड्याला दिला. बुधाजीने तो रीतीप्रमाणे कपाळाला लावला. बाजारात तो एवढंच बोलला होता, की खडकात एक हिरवा-निळा मासा आहे, त्याला पोपटासारखी चोच आहे आणि तो दगड खातो.

"महाराज, होडीत चला. खाताना आवाज येतो."

"मी पाण्यावर पाय ठेवत नाही!"

सातव्या दिवशी बुधाजीने हंड्यात जिवंत मासा सदरेवर आणला. हंड्यातला मासा काही खाईना. दुपारी मेला.

घरी लेक भागूने हुकुमाच्या कागदावरचे पांढरे कण बोटाने टिपले. बोटांत चोळून पाहिले.

"बाबा, उद्या मी येते."

"बोलशील काय?"

"थोडंच."

आठव्या दिवशी तिने सदरेवर ताजा मासा, सुरी आणि पोवळ्याचा दगड मांडला. दगडावर ओरखडे होते. माशाची चोच त्यात नेमकी बसली.

"चावला असेल!" महाराज म्हणाले. "खाल्ला कशावरून?"

"गाय गवत खाते, हे कशावरून कळतं महाराज?"

"शेणावरून," कारभारी बोलून गेला.

भागूने मासा चिरला. घशाशी दगडाचा चुरा आणि शेवाळ.

"दगडावरचं शेवाळ खरवडताना दगडही येतो. याच्या घशात जात्यासारखे दात आहेत, तिथे तो दगड दळतो."

आतड्याच्या शेवटी पांढरी वाळू. तिने ती धुऊन पानावर घेतली आणि महाराजांच्या वाळूदाणीशेजारी ठेवली.

"यातली आपली कोणती?"

महाराजांनी दोन्ही चिमटीत चोळल्या. सांगता येईना.

"आपली बेटाच्या किनाऱ्यावरून येते," कारभारी म्हणाला.

"किनाऱ्यावर कोण टाकतं?"

"लाटा."

"लाटांना कोण देतं?"

सगळ्यांनी चिरलेल्या माशाकडे पाहिलं. महाराजांनी बोटं धोतराला पुसली.

"म्हणजे मी रोज प्रत्येक कागदावर..."

"रोज, महाराज. आमच्या हुकुमावरसुद्धा."

"कालच खाडीपलीकडच्या त्या गर्विष्ठ राजाला खलिता धाडला! त्याने तो..."

"कपाळाला लावला असेल. रीत आहे."

महाराज इतके हसले, की पागोटं मांडीवर पडलं. होडी वाचली. वर नवं शीड आणि भागूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. या बक्षिसाचा हुकूम मात्र त्यांनी नुसत्या फुंकरीने वाळवला.

"कारभारी, पलीकडच्या राजाला आणखी एक पत्र लिही."

"मजकूर, महाराज?"

"काहीही लिही. वाळू भरपूर टाक!"