भिवराक्काचं खोगीर

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा गाड्या जातील असे रस्ते नव्हते. माल जायचा तो जनावराच्या पाठीवरून, आणि पाठ शाबूत राहायची ती खोगिरामुळे.

एका राज्यात खोगिरं शिवणारी दोन दुकानं होती. एक राजवाड्यातलं, उस्तादाचं. दुसरं वेशीबाहेरचं, भिवराक्काचं. उस्ताद दर दसऱ्याला नवं खोगीर काढायचा. कधी किनार नवी, कधी रिकीब हलकी. बघायला ही गर्दी! भिवराक्काचं नवं खोगीर मात्र कधी येईल याचा नेम नसायचा. वर्षं निघून जायची. पोरं येताजाता तिला चिडवायची, की अक्का, यंदा तरी काही शिवताय का?

आता उस्ताद हुशार होता, त्यात वाद नाही. पण त्याचं एक सुख होतं, तेही सांगायला हवं. राजाच्या पागेत सगळे घोडे एकाच जातीचे, एकाच उंचीचे, विकत घेतानाच उस्तादाच्या मापाने घेतलेले. घोडा म्हातारा झाला, पाठ वाकली, की पागेतून बाहेर. एका घोड्याला खोगीर बसलं की सगळ्यांना बसलं. मग उशीर लागेलच कशाला?

भिवराक्काकडे यायचं कोण, तर कुंभाराचं गाढव, तेल्याचं लंगडं खेचर, मीठ वाहणारे तांड्याचे बैल, झालंच तर एखादा उंट. पट्टे सैल करून, आवळून एकच खोगीर सगळ्यांना बसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. एक टाका जरी बदलला तरी ते खोगीर ती प्रत्येक जातीच्या जनावरावर चढवायची आणि वेशीपर्यंत फिरवून आणायची. सगळ्यात थकलेल्या जनावराचा मान पहिला. एकाला जरी खुपलं, तरी सगळं उसवून पुन्हा शिवायला बसायची.

प्रधानाला हा संथ कारभार खटकला. त्याने राजाचे कान भरले. अक्काला दरबारात बोलावणं आलं. राजाने सांगितलं, दर दसऱ्याला नवं खोगीर निघालंच पाहिजे. जमत नसेल तर गाढवं, खेचरं, उंट सोडून दे आणि फक्त चांगल्या घोड्यांचं शिव. नाहीतर दुकानाला कुलूप.

दुकान गेलं तर खायचं काय? पण तेल्याचं खेचर डोळ्यांसमोर आलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"महाराज, पागेत खोगीर बसलं नाही तर घोडा बदलतात. माझ्याकडे खोगीर बदलतात," ती म्हणाली. "ज्याच्याकडे दुसरं जनावर नाही, त्याला मी दारातून परत पाठवणार नाही. लावा कुलूप."

कुलूप लागलं.

मग उस्तादाला हुकूम सुटला, की दसऱ्यापर्यंत साऱ्या राज्याला खोगिरं पुरव. आपलं माप पागेच्या घोड्यांचं आहे, असं तो बिचारा सांगून दमला. ऐकतंय कोण? खोगिरं वेळेवर आली, दिसायलाही झकास. गाढवाचं घसरून पोटाखाली गेलं. खेचराची पाठ सोलवटली. उंट जो बसला तो उठेचना. तांड्यांनी जखमी बैल पुढे हाकायला नकार दिला, आणि मीठ वेशीपलीकडेच अडकलं. राजाच्या ताटात आमटी अळणी पडली, तेव्हा कुठे त्याला जाग आली.

प्रधान किल्ली घेऊन धावला. अक्काने ती हातात घेतली नाही. ज्यांनी अट घातली त्यांनीच ती येऊन मागे घ्यावी, म्हणाली. शेवटी राजा स्वतः आला. खेचराची पाठ त्याने पाहिली आणि चारचौघांत अट मागे घेतली. मग हळूच विचारलं, किती दिवसांत देशील?

"लागतील तितक्या दिवसांत," अक्का म्हणाली. "आधी या खेचराची पाठ बरी होऊ दे. आणि तुम्हालाही थांबावं लागेल, महाराज."

राजा थांबला. अळणी जेवला, पण कुणावर ओरडला नाही. अक्काचं खोगीर सगळ्या जनावरांना बसलं, तेव्हाच मीठ वेशीच्या आत आलं. उस्ताद पुन्हा पागेसाठी दर दसऱ्याला नवं खोगीर काढू लागला, आणि त्यातही काही वावगं नव्हतं. अक्काला मात्र त्यानंतर "कधी?" असं विचारायची छाती कुणाची झाली नाही.

बोध एवढाच: भराभर पुढे जायचं तर सोबती निवडून घ्यावे लागतात; पण सगळ्यांना सोबत नेणाऱ्याने उशीर झाला म्हणून मान खाली घालू नये.