राहीआजीचा हात

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावांना वेशी होत्या आणि वेशीबाहेर परसाकडे जायची झुडपं होती.

अशाच एका गावात राहीआजी नावाची म्हातारी राहायची. तान्ह्या बाळांना गुटी द्यावी तर तिनंच. हळकुंड, वेखंड, जायफळ ती सहाणेवर उगाळायची आणि बोटानं बाळाला चाटवायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सारं गाव म्हणायचं.

लोक एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण गुटी द्यायच्या दिवशी आजीनं हात धुवायचे नाहीत, असा नेमच गावानं करून टाकला. धुतल्यानं म्हणे हातातला गुण जातो. आजीलाही ते गोड लागलं. कोणाला नाही लागणार? सकाळी ती झुडपांमागून यायची, बोटं पदराला पुसायची आणि पहिल्या पाळण्याकडे चालू लागायची.

एका वर्षी बाळांना जुलाब लागले. पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. आजीला बोलवायला उशीर झाला, असं लोक म्हणाले. पुढच्या घरानं उशीर केला नाही. तेही बाळ गेलं.

कुंभाराच्या ठकूनं मात्र आजीला दारातच अडवलं.

"आजी, आधी राखेनं हात घासा. मग पोराला हात लावा."

"माझ्या हाताला घाण म्हणतेस?"

"तुम्ही आत्ता परसाकडून आलात, एवढंच म्हणते."

आजी तणतणत माघारी फिरली. ठकूचं पोर त्या वर्षी धडधाकट राहिलं, पण गावाला त्याचं काही वाटलं नाही.

राहीआजीच्या सुनेला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली होती. आजीचा जीव की प्राण ती पोर. एका सकाळी तिलाही जुलाब सुरू झाले. आजीनं सहाण पुढे ओढली.

सून दबकत म्हणाली, "आत्याबाई, हात धुता का?"

"गावाच्या पोरांना गुण द्यायचा आणि माझ्या नातीला धुतलेला हात लावायचा?" आजी म्हणाली.

तिनं दिवसातून तीनदा गुटी चाटवली. चौथ्या दिवशी पोर मांडीवरच थंड झाली.

सून रडली नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, ठकूचं पोर तेवढं जगलं. त्याला तुमचं बोट लागलं नव्हतं."

आजी उठली. ती चुलीपाशी गेली, मूठभर राख घेऊन हात घासत बसली. घासून घासून कातडी सोलली तरी थांबेना. तेवढ्यात शेजारीण धावत आली. "आजी, आमच्या बाळाला जुलाब लागलेत, चला."

"मी येत नाही गं. माझ्याच हातानं गेली लेकरं. तू हात धू, स्वच्छ धू, आणि तूच दे."

शेजारणीनं कपाळाला हात लावला. दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिनं गावभर सांगितलं. गावानं दुसरी म्हातारी शोधली आणि तिलाही तोच नेम घातला. राहीआजी दारोदार सांगत फिरली. लोक तिला भाकरी द्यायचे आणि दार लावून घ्यायचे. त्या वर्षी गावात आणखी सात पाळणे रिकामे झाले.

तेव्हा मुलांनो आणि मोठ्यांनो, परसाकडून आल्यावर आधी हात धुवा; न धुतलेल्या हातानं केलेली माया लेकराचा जीव घेते.