पागेदार आणि कोतल घोडा

लहानथोरांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक छोटे राज्य होते. तिथला राजा आता थकला होता, तरी दरसाल घाट चढून पलीकडच्या गावांची गाऱ्हाणी ऐकायला जायचा. चढ मोठा. वाटेत एक घोडा दमला की बदलायला दुसरा लागे. हा दुसरा घोडा मोकळ्या पाठीने, शेजारच्या स्वाराने हाती धरलेल्या दोराने चालतो. त्याला कोतल घोडा म्हणतात.

राजाचा तरणा काळा घोडा काही केल्या कोतल चालेना. म्हणून नदीपलीकडून हौसाईला बोलावणे गेले. घोडे शिकवण्यात तिचा हातखंडा होता. ती आपल्या म्हाताऱ्या घोडीवर बसून आली.

पागेचा प्रमुख होता सुभानजी. माणूस इमानी, पण भारी संशयी. हौसाईला पाहताच त्याच्या मनात पाल चुकचुकली. ‘एकटी बाई, तीही परमुलखातली. आणि हिच्या हाती राजाचा लाडका घोडा!’

हौसाईला मुळीच घाई नव्हती. आधी तिने काळ्याला आणि घोडीला शेजारी शेजारी चारा घातला. ओळख झाल्यावर ती घोडीवर बसून त्याला बाजूने हिंडवू लागली. दोर सैल, मूठ हलकी. काळा बिचकला की ती घोडी थांबवी. तो निवला की पुन्हा चालवी. हळूहळू त्याचे तोंड तिच्या गुडघ्याशी राहू लागले.

सुभानजी लपतछपत मागे जायचा. एकदा निवडुंगाच्या आडून त्याने पाहिले, की नदीकाठी हौसाईने दोर चक्क काळ्याच्या मानेवर टाकून दिला, आणि तरीही काळा घोडीच्या बाजूने पाण्यात उतरला!

तो तरातरा पुढे आला. “बाई, हे काय चाललंय? आता घोडी जाईल तिकडं हा जाईल. चोरसुद्धा घोडे असेच पळवतात!”

“पळवतात खरं,” हौसाई म्हणाली. “विद्या एकच आहे, पागेदार. कुठं न्यायचं, ते नेणाऱ्याच्या मनावर.”

सुभानजीला ही जणू कबुलीच वाटली. “उद्यापासून घोडा मी नेणार.”

“तो अजून कच्चा आहे. तुमच्या घोड्याची त्याला ओळखही नाही.”

“ते माझं मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी सुभानजी आपल्या घोड्यावर बसून काळ्याला नदीत घेऊन निघाला. काळा निसटू नये म्हणून त्याने दोराचे वेढे मनगटाला दिले. काठावर उभी असलेली हौसाई काही खाणाखुणा तर करत नाही ना, म्हणून तो सारखा मागे वळून बघत होता. तो वळे तसा दोर ताणला जाई. भर पाण्यात काळा अडला. शेजारच्या घोड्याने लाथ झाडली. काळ्याने असा हिसका दिला, की सुभानजी पाण्यात पडला, दगडांवरून फरफटला आणि त्याचा खांदा निखळला. दोर सुटला. काळा पैलतीर गाठून रानाकडे उधळला.

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार ओरडत धावले, तसा तो आणखीच बुजला. हौसाईने मात्र न बोलता घोडी पाण्यात घातली. पलीकडे घोडी खिंकाळली. काळा थबकला, वळला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

पलीकडे हौसाईचा मुलूख होता. दोन घोडे, मोकळी वाट. ‘गेली! मी म्हणत नव्हतो?’ सुभानजीच्या मनात आले. घोडा गेल्याच्या दुःखाआधी त्याला आपले खरे ठरल्याचा आनंद झाला.

तेवढ्यात हौसाईने घोडी वळवली. काळा शेजारी चालू लागला. ती सुभानजीपाशी आली. “घोडीची आयाळ धरा, पागेदार. काठापर्यंत नेते.”

त्याला मान वर करवेना.

राजाने विचारले तेव्हा सुभानजीने काही लपवले नाही. राजाने हौसाईला राहण्याचा आग्रह केला. ती म्हणाली, “महाराज, बुजलेलं जनावर मी सुधारीन. पण सतत पाठीवर रोखलेले डोळे घेऊन माझ्या हातून काम व्हायचं नाही.” आणि ती निघून गेली.

त्यानंतर नुसता दोर पाहिला तरी काळा थरथरू लागला. बदलायला दुसरा घोडा नाही, म्हणून त्या साली राजाला घाट चढता आला नाही. पलीकडचे लोक गाऱ्हाणी घेऊन वाटेवर बसून राहिले आणि तशीच ती घेऊन घरी परतले.

तात्पर्य : राखण जरूर करावी, पण संशयाला राखणदार नेमू नये.