खाणीतला शेवटचा बुश

दगडखाणीचे मालक शिरसाटराव कुणाचं ऐकून घेत नसत. त्यांच्या तोंडाला कंटाळून एकेक कामगार निघून गेला आणि एकटा अंबादास फिटर उरला. दुपारची भाकरीही तो पोकलेनच्या सावलीत एकट्यानेच खाई.

एकदा तो पोकलेनच्या बकेटच्या सांध्यातले, पिनेभोवती कड्यासारखे बसणारे झिजलेले बुश बदलत होता. मालक गरजले, "पिनेपेक्षा कडक बुश टाक! पुन्हा झिजता कामा नये."

"मालक, पिन शाबूत राहावी म्हणून तर बुश झिजतो. या खाणीत तसा झिजणारा मी एकटाच उरलोय. झिजणं चालत नसेल, तर उद्यापासून मीही कडक होतो."

मालकांनी ओसाड खाणीकडे पाहिलं. मग ते त्याच्या शेजारी दगडावर बसले.

"मऊच टाक," ते म्हणाले. "जेवलास का रे?"